पंधराशेपासून पंचवीस हजारांपर्यंत

मोपा विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि पेडणे तालुका देशभर गाजला. त्याच वर्षी, 20 जूनला, या तालुक्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले होते. त्याची चर्चा मात्र कमीच झाली. रोहा ते ठोकूर, सुमारे 740 किलोमीटर. डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट.

हा आकडा पेडण्यात पोचला त्याच्या 97 वर्षे आधी रेल्वेचा विजेवरचा प्रवास सुरू झाला होता. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तारेत 1,500 व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. त्या काळच्या मोटरींना तोच सोयीचा.

एक कूलोम विद्युतप्रभार तारेकडून इंजिनातून रुळाकडे जाताना विद्युतक्षेत्र त्याच्यावर जितके ज्यूल काम करते, तितके व्होल्ट. म्हणजे 1925 मध्ये दर कूलोममागे 1,500 ज्यूल मिळत. पेडण्यात 25,000 मिळतात. 45 लाख वॅट लागणाऱ्या इंजिनाचा ढोबळ हिशेब मांडला, तर जुन्या पद्धतीत 3,000 अँपिअर प्रवाह हवा, नव्या पद्धतीत फक्त 180. तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. त्यामुळे तीच तार वापरली, तर जुन्या पद्धतीतली नासाडी पावणेतीनशे पटींहून जास्त भरते. जाड तारा आणि जवळजवळची उपकेंद्रे यांचा खर्च त्यातूनच आला.

भारतीय रेल्वेने 1957 मध्ये 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली. मुंबईच्या लोकल मात्र जुन्या व्होल्टवरच राहिल्या; हार्बर मार्गावरची शेवटची एकदिश प्रवाहाची लोकल एप्रिल 2016 मध्ये थांबली.

कोकण रेल्वेने तो एकदिश प्रवाहाचा टप्पा पाहिलाच नाही. मालपे-पेडणे बोगद्याच्या मऊ मातीने बांधकाम रखडवले आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला, तो डिझेल इंजिनांसाठी. तिथून उडी थेट 25,000 वर.

नव्या इंजिनांत ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते. धावत्या गाडीची गती प्रभारांना क्षेत्राविरुद्ध ढकलते, क्षेत्राने केलेले काम ऋण ठरते आणि वीज तारेत परत जाते. असे इंजिन जोडलेली गाडी पेडणे स्थानकात थांबताना घेतलेल्या विजेतला काही भाग परत देते. डिझेल इंजिनाला ते शक्य नव्हते.