पंडिता रमाबाई: बिशपांशी वाद, देवापुढे शरण

आजचा विषय जरा नाजूक आहे. ख्रिस्ती माणूस देवापुढे नम्र होतो, म्हणजे नेमकं काय करतो? मला आधी वाटायचं, मान खाली घालायची, वरचे सांगतील त्याला 'हो' म्हणायचं, झालं. पंडिता रमाबाईंची पत्रं हातात पडली आणि माझी ही समजूत पार कोसळली.

थोडी पार्श्वभूमी देतो, पटकन. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवणं पाप समजलं जायचं त्या काळात त्यांनी आपल्या बायकोला शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरायचं. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. चालत चालत दोघं १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा दोन पदव्या दिल्या. विचार करा, आपल्यापैकी कुणाला त्या वयात एवढं कौतुक मिळालं असतं, तर जमिनीवर पाय राहिले असते का?

पुढे लग्न, दोन वर्षांत वैधव्य आणि पदरात छोटी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी मुलीसकट बाप्तिस्मा घेतला. आता गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? नवी शिष्या, गुरूंचं ऐकणारी. पण खरी गंमत इथूनच सुरू होते.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन म्हणजे त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार आज छापलेला मिळतो. त्यात रमाबाई विचारतात, क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला? आपली संस्कृत काय कमी आहे? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर बिशप मंडळी मत देतात, तेव्हा त्या चिडतात. ट्रिनिटीसारखी शिकवण पटत नसेल तर तसं सरळ लिहितात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आत्ताच सुटले आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. मी रमाबाईंच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण जेराल्डिनना खलनायिका करू नका हं. मनोरमाला त्यांनी जीव लावला होता, आणि ही पत्रं जपून ठेवली ती त्यांनीच.

मग या बाईंची नम्रता कुठे होती? मला ती दोन ठिकाणी दिसते.

पहिली त्यांच्या कबुलीत. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. डोक्याने सगळं पटलं होतं, पण स्वतः रिकाम्या हाताने कधी त्याच्यापुढे उभी राहिले नव्हते. ही कबुली कोण देतंय ते बघा! १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन काढणारी, त्याच वर्षी काँग्रेसच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेली बाई. बिशपांपुढे एक पाऊल मागे न घेणारी ही बाई देवापुढे म्हणते, माझं चुकलं होतं.

दुसरी जागा म्हणजे केडगाव. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात की वाटेत हे स्टेशन लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या, त्यांच्यासाठी इथे मुक्ती मिशन उभं केलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर तिथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. स्वतः लहानपणी भूक पाहिलेली बाई, त्यामुळे हे समाजकार्य वगैरे शब्द मला इथे थिटे वाटतात.

आणि इथेच त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ ग्रंथांवरून. आधीची भाषांतरं होती, पण त्यांची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बायकांच्या डोक्यावरून जाणारी. रमाबाईंना पांडित्य दाखवायचं असतं तर त्यांच्याइतकं संस्कृत कुणाला येत होतं? त्यांनी उलटं केलं. जड शब्द काढून साधे घातले. देवाचा शब्द आहे, त्यात आपली विद्वत्ता मिरवायची नाही. खिळे जुळवायला, छपाई करायला मिशनमधल्याच मुली. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नसतं, त्या हिब्रू-ग्रीक टाइप लावायला शिकल्या.

हे काम दीड दशकाहून जास्त चाललं. त्यात १९२१ मध्ये मनोरमा गेली, ऐन चाळिशीत. मिशनचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच. रमाबाई स्वतः आजारी होत्या, तरी प्रुफं तपासत राहिल्या. असं सांगतात, की शेवटच्या आजारात त्यांनी देवाकडे फक्त दहा दिवस मागितले, उरलेली प्रुफं संपवायला. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. प्रुफं तपासून झाली होती. बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.