लहान केलेल्या जठराची शिकवण

वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती आहाराचा एक कागद दिलेला असतो. पहिले काही दिवस फक्त पातळ आणि गाळलेले: वरणाचे पाणी, पातळ ताक, पेज. त्यानंतर काही आठवडे घोटलेले, सरबरीत अन्न. मग गुरगुट्या भात, अंडे, दही असे मऊ पदार्थ. साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही चार-सहा घासांचे. रुग्णालयानुसार दिवस थोडे पुढे-मागे होतात, क्रम मात्र सगळीकडे जवळजवळ हाच असतो.

खाली काही सूचना असतात. घास लहान घ्या आणि चावून चावून खा. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतरही अर्धा तास थांबा. गोड टाळा. आधी प्रथिने खा, मग बाकीचे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्या. उलट्या थांबत नसतील तर ताबडतोब या.

वाचताना हा सगळा आजीचा उपदेश वाटतो. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक सूचनांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने रुग्णांच्या तक्रारींतून घडलेला आहे. जठर लहान केले की माणूस कमी खातो आणि वाळतो, इतकी ही गोष्ट सोपी असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

जठराशिवाय जगता येते का?

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या जठराचा तोंडाकडून आतड्याकडे उघडणारा शेवटचा भाग कापून काढला. तेथे कर्करोगाची गाठ होती आणि अन्न पुढे सरकत नव्हते. उरलेले जठर त्याने आतड्याला जोडले. कर्करोग आधीच पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी ती स्त्री दगावली. पण शस्त्रक्रियेतून ती वाचली होती आणि त्या जोडातून अन्न खाली जात होते. जठर कापता येते आणि पुन्हा जोडता येते, हे सिद्ध झाले.

पुढची पायरी १८९७ मध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर याने गाठली. त्याने एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून टाकले. ती एक वर्षाहून अधिक काळ जगली, थोडे थोडे पण वारंवार खात राहिली. जठर हे पचनाचे मुख्य ठिकाण, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली. अन्नाचे बहुतेक पचन आणि शोषण लहान आतड्यात होते, हे आज आपण शाळेत शिकवतोच.

मग जठराचे काम काय? त्याला आपण गोदाम म्हणू. जेवलेले एक-दीड लिटर अन्न ते साठवते, आम्लात घुसळते आणि आतड्याला झेपेल इतके हळूहळू पुढे सोडते. गोदामाचे महत्त्व कळले ते मात्र त्याचे दार नाहीसे झाल्यावर.

गोदामाचे दार गेल्यावर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जठरातील व्रणांसाठी अशा शस्त्रक्रिया पुष्कळ होऊ लागल्या. त्यानंतर काही रुग्ण एक विचित्र तक्रार करीत. जेवण होऊन अर्धा तासही झालेला नसताना धडधड, घाम, चक्कर, पोटात कळा आणि जुलाब. लंडनमधील आर्थर हर्ट्झ याने १९१३ मध्ये या लक्षणांचा संबंध जठर फार लवकर रिकामे होण्याशी जोडला. १९२२ मध्ये या प्रकाराला ‘डंपिंग’ हे नाव मिळाले. ट्रकमधून खडी ओतावी तसे जठरातले अन्न आतड्यात एकदम ओतले जाते, असा त्याचा अर्थ.

याचे कारण वर्गात सहज दाखवता येते. बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात आणि दुसरी साखरेच्या दाट पाकात ठेवा. पाकातली चकती तासाभरात मऊ पडते, कारण तिच्यातले पाणी पाकाकडे ओढले जाते. गोड, संहत अन्न एकदम आतड्यात आले की तसेच घडते. रक्तातले पाणी आतड्याच्या पोकळीत ओढले जाते, आतडे ताणले जाते आणि हृदयाचे ठोके वाढतात. आतड्यातून स्रवणारी संप्रेरकेही यात भर घालतात. कधी त्रास एक ते तीन तासांनी होतो, त्याचे कारण वेगळे. साखर भरकन रक्तात शिरते, तिला उत्तर म्हणून गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन स्रवते आणि रक्तातली साखर खाली घसरते.

कागदावरची ‘गोड टाळा’ ही सूचना केवळ उष्मांक वाचवण्यासाठी नाही, हे यावरून लक्षात येईल. जेवताना पाणी न पिण्याची सूचनाही जवळची आहे. लहान जठरात पाण्याने जागा अडते, किंवा अन्न पाण्याबरोबर पुढे सरकते आणि तृप्ती टिकत नाही, असा त्यामागचा विचार आहे.

व्रणाचे हे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर बारीक होत आणि पुन्हा सहसा अंगाने भरत नसत. त्या काळी तो शस्त्रक्रियेचा दोष मानला जाई. हाच दोष पुढे कोणाला तरी उपाय वाटणार होता.

आधी चुकीची वाट

अतिस्थूलतेवर शस्त्रक्रिया करण्याची सुरुवात मात्र जठरापासून झाली नाही, ती आतड्यापासून झाली. अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा मोठा भाग वगळला तर अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, शोषले जात नाहीत, असे त्यांत दिसले. याच विचाराने पुढे पेन आणि डीविंड यांनी लॉस एंजेलिसमध्ये माणसांवर शस्त्रक्रिया केल्या. १९६९ च्या त्यांच्या पद्धतीत लहान आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेच वापरात राहत. सुमारे सहा मीटर लांबीच्या नळीपैकी जेमतेम अर्धा मीटर!

कल्पना सरळ होती: हवे तेवढे खा, अंगी लागणार नाही. वजन उतरले खरे. पण सतत जुलाब, सांधेदुखी, यकृताचे गंभीर आजार आणि मूत्रखडे मागे लागले. मूत्रखड्यांमागचे रसायनशास्त्र शिक्षकांना आवडेल असे आहे. एरवी अन्नातले ऑक्झलेट कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य होते आणि शौचावाटे बाहेर पडते. येथे न शोषलेल्या मेदाम्लांनी कॅल्शियम पकडून साबणासारखी संयुगे बनवली. ऑक्झलेट मोकळे राहिले, मोठ्या आतड्यातून रक्तात गेले आणि मूत्रपिंडात कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे झाले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली. अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी व्रणाच्या रुग्णांच्या त्या ‘दोषा’कडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९६६ मध्ये त्यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडला. ही ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया. आज त्या वरच्या पिशवीत सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतात. १९९४ मध्ये हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पोटावरची मोठी जखम टळली. जठराचा बाहेरचा फुगीर भाग कापून त्याची केळ्यासारखी अरुंद नळी ठेवण्याची ‘स्लीव्ह’ पद्धत त्यानंतर रूढ झाली.

गोळ्या आयुष्यभर का?

जठर आणखी एक काम करते, ते बोस्टनमध्ये उलगडले. विल्यम कॅसल हे तरुण डॉक्टर स्वतः अर्धेकच्चे मांस खात, तासाभराने ते पोटातून बाहेर काढत आणि एका प्राणघातक पंडुरोगाच्या रुग्णांना नळीने देत. रुग्ण सुधारत. तेच मांस नुसते दिले तर काहीच होत नसे. निरोगी जठर असा काही पदार्थ स्रवते की ज्यावाचून अन्नातला एक घटक शरीराला मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. तो अन्नातला घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला.

ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. त्यामुळे जठराची शस्त्रक्रिया झालेल्याला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. हातापायांना मुंग्या आणि थकवा येतो तो फार नंतर. आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर आहे. शाकाहारात ब-१२ मुळात कमी असते, आणि पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासांत ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. रिकाम्या होत आलेल्या कोठारानिशी जो शस्त्रक्रियेला जातो, त्याने गोळी चुकवून चालत नाही. लोह आणि कॅल्शियम यांचेही तसेच. बायपासमध्ये लहान आतड्याचा जो सुरुवातीचा भाग वगळला जातो, तेथेच त्यांचे शोषण प्रामुख्याने होते.

याउलट ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. योगायोग असा की बिलरोथच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी, १८८१ मध्ये, कार्ल वेर्निके याने मेंदूच्या एका विकाराचे वर्णन केले. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे आणि भ्रम ही त्याची लक्षणे. त्याच्या तीन रुग्णांपैकी एका तरुणीने सल्फ्युरिक आम्ल प्यायले होते. त्यामुळे जठराचे खालचे दार आकसून तिला सतत उलट्या होत होत्या. कारण कळायला पुढे अनेक दशके जावी लागली: ब-१ चा अभाव. शंभर वर्षांनंतर, वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या न थांबलेल्या रुग्णांत डॉक्टरांना हाच विकार पुन्हा भेटला. कागदावरची उलट्यांबद्दलची शेवटची ओळ म्हणूनच सर्वांत तातडीची आहे.

भूक कुठे गेली?

एवढे होऊनही शल्यविशारदांच्या मनातले चित्र नळकामाचेच होते: लहान पिशवी, आखूड नळी. ते चित्र अपुरे असल्याचे रुग्णांनीच सांगितले. पोट लवकर भरते, एवढेच ते म्हणत नव्हते. ‘भूकच लागत नाही’ असे त्यांतले अनेक जण सांगत. नुसते उपाशी राहून वजन उतरवणाऱ्याचा अनुभव नेमका उलटा असतो. त्याची भूक वाढत जाते.

१९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉल्टर पोरिस यांनी बायपास झालेल्या मधुमेहींची आकडेवारी प्रसिद्ध केली. १४६ पैकी १२१ जणांची रक्तशर्करा सामान्य झाली होती आणि हा फरक वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच दिसू लागे. त्यातला काही वाटा त्या दिवसांतल्या अत्यल्प आहाराचा असतो, हे खरे. पण सगळा नाही.

१९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी मुख्यतः जठरातूनच स्रवणारे एक संप्रेरक शोधले. त्याचे नाव घ्रेलिन. जेवणाआधी ते वाढते आणि भूक चाळवते. २००२ मध्ये सिॲटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाने दाखवले की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढते. बायपास झालेल्या रुग्णांत ते सामान्य वजनाच्या माणसांपेक्षा ७७ टक्क्यांनी कमी होते. हा अभ्यास थोड्या रुग्णांवरचा होता आणि बायपासबाबत नंतरचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. मात्र दुसरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. शस्त्रक्रियेनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ सारखी तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर कितीतरी अधिक स्रवतात. ज्या वेगाने डंपिंगचा त्रास होतो, तोच वेग येथे उपयोगी पडतो. जीएलपी-१ ची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत वजनासाठी मान्य झाले, तेही याच संदेशाच्या वाटेने काम करते.

पानावरचे आणि मनातले

शरीर असे बदलते, पण सवयी इतक्या लवकर बदलत नाहीत. डोळ्यांची भूक काही काळ जुनीच राहते. एक घास जास्त झाला की छातीत अडकल्यासारखे होते. पोळी किंवा मोकळा भात काहींना महिनोन् महिने सोसत नाही. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात, बहुधा ते पुन्हा येतात. प्रथिने दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत, पोटात जागा मात्र चमच्यांची; म्हणून ती आधी खायची. आपल्या पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचा भाग असतो. ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणणाऱ्याला नकार देणे रुग्णाला शस्त्रक्रियेइतकेच जड जाते.

वजनही कायमचे एका जागी थांबत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासनंतरच्या एक-दोन वर्षांत वजन सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचे वजन जवळपास होते तेथेच होते. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

शस्त्रक्रिया प्रत्येक जाड माणसासाठी नाही. तिचे निकष ठरलेले आहेत आणि धोकेही आहेत. तिच्या इतिहासातून निघणारी गोष्ट मात्र सर्वांसाठी आहे. भूक किती लागावी, हे केवळ मनाच्या निश्चयावर ठरत नाही. जठर आणि आतडे मेंदूला सतत निरोप पाठवत असतात, आणि ते निरोप माणसामाणसांत सारखे नसतात. वर्गातल्या स्थूल मुलाला ‘खादाड’ म्हणून मोकळे होणाऱ्याला ही गोष्ट सांगायला हवी.

पचनसंस्थेचा धडा शिकवताना एक छोटा प्रयोग करता येईल. औषधाच्या मापात ३० मिलिलिटर पाणी मोजून मुलांना दाखवा आणि विचारा: एका वेळी एवढेच पिता आले, तर दिवसभरातले दीड लिटर पाणी किती वेळांत होईल? उत्तर पन्नास येईल. ते कधी कधी प्यायचे याचे वेळापत्रक मुलांना करू द्या. जेवणांच्या आगेमागे अर्धा तास मोकळा सोडण्याची अट घालायला विसरू नका.