ब्रायरचा गड्डा: पाइप जळत का नाही?

आजचा प्रश्न साधा आहे. तंबाखूचा पाइप लाकडाचा, आत विस्तव, मग पाइपच जळत कसा नाही? (तंबाखू वाईटच, तिची जाहिरात करत नाहीये. आपला विषय लाकूड.)

आपली चिलीम मातीची. युरोपातही शेकडो वर्षं मातीचे पाइप चालले. स्वस्त, पण पटकन फुटणारे. लाकडाचे करून पाहिले, तर बरीचशी लाकडं आतून करपायची. उत्तर मिळालं भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपात. शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया, धंद्यातलं नाव ब्रायर. कॉर्सिका, इटलीतला कालाब्रिया, अल्जीरिया इथल्या डोंगरउतारांवर ते वाढतं. तिकडे वणवे नेहमीचे. वरचं झुडूप जळून गेलं तरी जमिनीतला गड्डा तगतो आणि त्यातून नवे फुटवे येतात. पाइप बनतो तो या गड्ड्याचा. आगीशी त्याची ओळख आधीपासूनचीच!

पण गड्डा खणला की लगेच पाइप होत नाही. मुळात तो पुरेसा मोठा व्हायलाच काही दशकं जातात. खणल्यावर त्याला ऊन लागू द्यायचं नाही, ओला ठेवायचा, नाहीतर तडकतो. मग कापणारा माणूस फिरत्या करवतीसमोर गड्डा हातात धरून ठरवतो: कुजका भाग कुठे, चीर कुठे, रेषा कुठल्या दिशेने जातात. खरी निवड इथे होते. निघालेले ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळतात, म्हणजे आतला चीक आणि तुरट टॅनिन निघून जातं. नंतर सावलीत महिनोन्‌महिने, कधी वर्षं, सुकवतात. एवढं करूनही लेथवर चढवल्यावर आत खड्डा निघाला, तर तो ठोकळा खालच्या प्रतीत जातो.

हे लाकूड प्रसिद्ध केलं फ्रान्समधल्या सें-क्लोद गावाने. जुरा डोंगरातलं हे गाव कातारी लोकांचं. यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि लाकडी वस्तू करणारं. 1850 च्या दशकात तिथे ब्रायर आला आणि पुढे गाव पाइपची राजधानी झालं. लंडनच्या कंपन्यासुद्धा तिथून घडवलेले पाइप घ्यायच्या आणि त्यावर आपला शिक्का मारायच्या.

इथे मला माझं काम आठवतं. आमच्या ॲपवर कंपनीचा लोगो असतो, पण आत कुणाकुणाचं कोड असतं ते कुणी बघत नाही. पाइपचंही तसंच. शिक्का लंडनचा, कातकाम सें-क्लोदचं, गड्डा कदाचित फ्रेंच सत्तेखालच्या अल्जीरियातला. खणणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

ही साखळी दिसली ती तुटल्यावरच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला भूमध्यसागरी ब्रायर मिळेना. मग तिथल्या कारखान्यांनी कॅलिफोर्नियातलं मँझनिटा आणि पूर्वेकडच्या डोंगरांतलं माउंटन लॉरेल वापरून पाहिलं. युद्ध संपलं, ब्रायर परत आला आणि ही लाकडं मागे पडली.

म्हणजे यंत्रं होती, कारागीर होते, गिऱ्हाईकही होतं. अडलं कुठे? तर दूरच्या डोंगरावर कुदळ चालवणाऱ्या माणसापाशी. पुढच्या वेळी कुठल्याही वस्तूवर ‘मेड इन’ वाचाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: बनवलं इथे, पण खणलं कुठे?

भेटू पुढच्या भागात!