अ‍ॅस्टर : चीनच्या रानातून आपल्या वाफ्यात

हारात आणि वेणीत जांभळा अ‍ॅस्टर आपण नेहमी पाहतो. पण हे फूल मूळचं आपल्याकडचं नाही, बरं का! त्याचं माहेर चीन आणि कोरिया. तिथलं रानटी फूल अगदी साधं. भोवती जांभळ्या पाकळ्यांची एकेरी रांग आणि मध्ये पिवळा धमक डोळा.

१७२८ च्या सुमारास चीनमधल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी याचं बी पॅरिसच्या राजबागेत धाडलं. तिथून १७३१ मध्ये ते लंडनमधल्या चेल्सीच्या औषधी बागेत फिलिप मिलर यांच्या हाती आलं. मग युरोपातल्या माळ्यांनी निवड सुरू केली. ज्या झाडाच्या फुलाला पाकळ्या जास्त, त्याचंच बी पुढच्या हंगामाला राखायचं. वीस-पंचवीस वर्षांत दुहेरी फुलं आली. एकोणिसाव्या शतकात जर्मन बियाणेवाल्यांनी तर शेवंतीसारखे गच्च प्रकार तयार केले. फुलाला भरदारपणा आला, बाजार मिळाला. यात नुकसान झालं ते मधमाशीचं.

ते कसं? आपण ज्याला एक फूल म्हणतो तो सूर्यफुलासारखा पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पाकळीवजा फुलांत पराग नसतात. पराग असतात मधल्या पिवळ्या फुलांत. फूल दुहेरी होतं तेव्हा या मधल्या फुलांच्याच पाकळ्या होतात आणि डोळा झाकून जातो. माशी बसते खरी, पण तिच्या हाती फारसं काही लागत नाही.

बाजारासाठी दुहेरी वाण जरूर लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले गणेश पर्पल’ जांभळ्या रंगाचाच आहे. पण शेतात काकडी, कारली, भोपळा असेल, तर बांधालगत एकेरी, उघड्या डोळ्याच्या अ‍ॅस्टरची एक ओळ असू द्यावी. या ओळीची फुलं तोडू नयेत. वेलींच्या फळधारणेला माशी हवीच. औषध मारणं भागच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारावं.

रोपं गादीवाफ्यावर करावीत. चार-पाच पानांवर आली की साधारण एक-एक फुटावर लावावीत. पाणी साचणारी जमीन टाळावी. एकाच जागी दरवर्षी अ‍ॅस्टर घेऊ नये, मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते.

घरचं बी धरणार असाल तर एकेरी आणि दुहेरी ओळी लांब ठेवा, कारण माशी थोडाफार संकर करतेच. आणि बी त्याच वर्षी वापरा. अ‍ॅस्टरचं बी डब्यात फार दिवस तग धरत नाही, जुनं बी टाकलं की वाफा विरळ उगवतो.