शंट : मेंदूतील पाण्याला वाट करून देणारी नळी

शरीरातील रक्त किंवा अन्य द्रव एका ठिकाणाहून दुसरीकडे वळवणाऱ्या मार्गाला वैद्यकशास्त्रात ‘शंट’ म्हणतात. हृदयाच्या काही जन्मजात दोषांत आणि यकृताच्या विकारांतही असे मार्ग शस्त्रक्रियेने तयार केले जातात. मात्र शंटचा सर्वांत परिचित उपयोग हायड्रोसेफॅलस, म्हणजेच मेंदूत पाणी साचण्याच्या विकारात होतो.

विकार आणि लक्षणे

प्रौढ व्यक्तीच्या मेंदूत दररोज सुमारे 500 मिलिलिटर द्रव तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. या प्रवाहात अडथळा आल्यास मेंदूतील पोकळ्या फुगतात व मेंदूवर दाब पडतो. जन्मजात दोष, रक्तस्राव, गाठ आणि क्षयरोगामुळे होणारा मेंदूज्वर ही त्याची प्रमुख कारणे आहेत. तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढणे, टाळू फुगणे, बुबुळे खाली झुकलेली दिसणे आणि वारंवार उलट्या होणे ही लक्षणे दुर्लक्षून चालत नाहीत. वृद्धांमध्ये चाल बिघडणे, लघवीवरील ताबा सुटणे आणि विस्मरण ही लक्षणे केवळ वार्धक्याची समजली जातात. त्यांतील काही रुग्णांना शंटमुळे आराम पडतो.

शंटचे कार्य

मेंदूच्या पोकळीत बसवलेली बारीक नळी, दाबानुसार उघडणारी झडप आणि त्वचेखालून पोटापर्यंत जाणारी लांब नळी असे शंटचे तीन भाग असतात. जादा द्रव पोटाच्या पोकळीत उतरतो आणि तेथे शोषला जातो. अमेरिकेतील तंत्रज्ञ जॉन होल्टर यांनी आपल्या आजारी मुलासाठी 1956 मध्ये सिलिकॉनची झडप तयार केली आणि या उपचाराला व्यवहार्य रूप आले. भारतीय बनावटीच्या ‘छाब्रा’ शंटची तुलना युगांडातील 195 मुलांमध्ये कित्येक पटींनी महाग असलेल्या परदेशी शंटशी करण्यात आली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षअखेरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

गुंतागुंत

शंटमुळे मूळ विकार नाहीसा होत नाही. बहुतेक रुग्णांना तो जन्मभर सांभाळावा लागतो. लहान मुलांमध्ये बसवलेल्या शंटपैकी सुमारे निम्मे दोन वर्षांत निकामी होतात. नळी तुंबणे हे त्याचे मुख्य कारण होय. नळी तुटू शकते किंवा मूल वाढल्यावर अपुरी पडते. द्रव प्रमाणाबाहेर वाहून गेल्यास मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका असतो. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या सहा महिन्यांत होतो.

डोकेदुखी, उलट्या, अतिझोप, चिडचिड, नजर अंधुक होणे, ताप, किंवा नळीच्या मार्गावर सूज व लाली दिसल्यास रुग्णाला विनाविलंब मेंदूशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलट्यांना अपचन समजून घालवलेले काही तासही दृष्टी किंवा प्राण हिरावू शकतात.

उपचार

तुंबलेला भाग शस्त्रक्रियेने बदलला जातो. जंतुसंसर्ग झाल्यास सामान्यतः संपूर्ण शंट काढून द्रव काही काळ बाहेरील पिशवीत वाहू दिला जातो, प्रतिजैविके दिली जातात आणि द्रव जंतुमुक्त झाल्यावर नवा शंट बसवला जातो. प्रतिजैविकयुक्त नळ्यांमुळे संसर्गाचे प्रमाण सुमारे 6 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर येते, असे ब्रिटन व आयर्लंडमधील 2019 च्या मोठ्या चाचणीत दिसून आले. निवडक रुग्णांमध्ये दुर्बिणीद्वारे मेंदूतील पोकळीच्या तळाशी छिद्र करून द्रवाला वाट करून दिली जाते. त्यांतील अनेकांना शंटची गरज उरत नाही.

शंट असलेल्या रुग्णाने शस्त्रक्रियेची कागदपत्रे, शंटचा प्रकार आणि जुने स्कॅन नेहमी जवळ ठेवावेत. बाहेरून दाब बदलता येणारी झडप असल्यास एमआरआयपूर्वी डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी व नंतर झडप तपासून घ्यावी, कारण चुंबकीय क्षेत्रामुळे तिचा दाब बदलू शकतो. वेळेवर उपचार आणि नियमित तपासणी झाल्यास शंट असलेली अनेक मुले शाळेत जातात, खेळतात आणि मोठेपणी स्वावलंबी होतात.