क्लेमाटिसची छाटणी
क्लेमाटिस (मोरवेलीची प्रजाती) या शोभिवंत वेलीची छाटणी केव्हा व किती करावी, हे फुले गतवर्षीच्या फांदीवर येतात की नव्या फुटीवर, यावरून ठरते. हिमालयीन 'मोंटाना' वसंतात जुन्या फांदीवर फुलते. हिवाळ्यात छाटल्यास त्या वर्षीचा बहर हातचा जातो. म्हणून तिची छाटणी बहर ओसरताच, तीही गरजेपुरतीच करतात. याउलट, इंग्लंडमधील वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत संकरित केलेली 'जॅकमनाय' नव्या फुटीवर फुलते. थंड प्रदेशांत ती फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून सुमारे ३० सेंमीवर, जोमदार डोळ्यांच्या वर छाटतात. ही छाटणी निर्दय वाटली, तरी ती टाळल्यास वेल खाली उघडी पडते आणि फुले केवळ शेंड्याला येतात. 'नेली मोझर'सारख्या मोठ्या फुलांच्या वाणांची हलकी छाटणी पुरते. मर रोगाने सुकलेल्या फांद्या मात्र लगेच, निरोगी भागापर्यंत कापतात. मुळाकडून पुन्हा फूट येऊ शकते.