तिमोरचा समेट व शनाना गुझ्मांव

स्वातंत्र्य मिळविणें कठीण खरें. परंतु मिळालेल्या स्वातंत्र्यांत कालच्या वैऱ्यासह नांदणें त्याहून कठीण. या दुसऱ्या कसोटीस पूर्व तिमोरचे पुढारी शनाना गुझ्मांव कसे उतरले, हें पाहणें वाचकांस बोधप्रद होईल. तो देश आपणांस अगदींच परका नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथील पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अधिकाराखालीं चाले, आणि तेथील बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक आहे.

गुझ्मांव यांचा जन्म 1946 सालचा. दारे येथील येशूसंघीय सेमिनरींत त्यांचें कांहीं शिक्षण झालें. 1975 च्या नोव्हेंबरांत तिमोरनें स्वातंत्र्य पुकारलें. पुरते दहा दिवसहि लोटले नाहींत तों इंडोनेशियाचें सैन्य तेथें उतरलें. 1974 ते 1999 या काळांत हत्या, उपासमार व रोगराई यांमुळें निदान 1,02,800 माणसें मेलीं, अशी गणना पुढें सत्यशोधन आयोगानें केली. गुझ्मांव रानांतील लढ्याचे सेनानी होते. 1992 सालीं ते पकडले गेले व त्यांस जन्मठेप झाली. ती नंतर वीस वर्षांवर आली. ते कैदेंत असतांच 1997 सालीं नेल्सन मंडेलांनीं त्यांची भेट घेतली.

30 ऑगस्ट 1999 रोजीं शेंकडा 78.5 मतें स्वातंत्र्याच्या बाजूनें पडलीं. तेव्हां सैन्याच्या पाठबळावर माजलेल्या टोळ्यांनीं गांवेंच्या गांवें जाळलीं. 20 मे 2002 रोजीं देश स्वतंत्र झाला व गुझ्मांव राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या शेजाऱ्याशीं आपली सीमा भिडली आहे, त्याच्याशीं वैर धरून लहान राष्ट्र जगूं शकत नाहीं. सोसलेल्या जनतेस खरा न्याय मिळतो तो शाळा, दवाखाना, पाणी व पोटभर अन्न यांच्या रूपानें. गांवोगांवींच्या समेटासाठीं आयोगानें तिमोरची जुनी रीतच हातीं घेतली. मोठी चटई अंथरावयाची, वडीलधाऱ्यांनीं तिच्यावर बसावयाचें, अपराध्यानें सर्वांसमक्ष कबुली द्यावयाची आणि क्षमा मागून श्रमानें किंवा वस्तुरूपानें भरपाई करावयाची. मात्र हें चोरी, जाळपोळ अशा गुन्ह्यांपुरतेंच होतें. खून व बलात्कार यांस ही चटई नव्हती.

येथेंच वादाचें मूळ आहे. 1999 सालचे इंडोनेशियाचे सेनापति विरान्तो यांच्यावर दिली येथें मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप ठेवण्यांत आला होता. तरी 2004 सालीं बाली येथें गुझ्मांव यांनीं त्यांस आलिंगन दिलें. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची मागणीहि त्यांस रुचली नाहीं. ज्या मातेचा पुत्र परत आला नाहीं, तिनें विचारावें: माझ्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास कोणीं दिला? या प्रश्नाचें उत्तर राजनीतीपाशीं नाहीं. लहान चोरास चटईवर मान खालीं घालावी लागावी आणि मोठ्या अधिकाऱ्यास आलिंगन मिळावें, ही विषमता समेटाच्या नांवाखालीं झांकतां येत नाहीं.

शिवाय घरांतील समेटहि सोपा ठरला नाहीं. 2006 सालीं सैन्यांतील फुटीनें दिली पेटली व सुमारें दीड लाख लोक निराश्रित झाले. 2007 सालीं पंतप्रधान झाल्यावर गुझ्मांव यांच्या सरकारनें या कुटुंबांस पैशाचें साह्य देऊन घरीं परतविण्याची योजना आखली. खनिज तेलाच्या उत्पन्नासाठीं 2005 सालीं राखीव निधि निर्माण झाला होता. त्यांतूनच रस्ते, वीज इत्यादि कामांस पैसा मिळाला. तथापि दारिद्र्य व बालकांचें कुपोषण यांनीं त्या देशाची पाठ अद्याप सोडलेली नाहीं. आणि विकास हाच न्याय, असें म्हणणाऱ्याचें मोजमाप याच मापानें व्हावयाचें.

तरीहि त्यांच्या कार्याचें मोल थोडें नव्हे. कैदेंत वर्षें घालविलेल्या पुरुषानें कैद करणाऱ्यांविषयीं द्वेष पेरला नाहीं, म्हणून सीमेवर पुन्हां युद्ध पेटलें नाहीं. ज्युबिलीच्या वर्षीं आपणहि जुन्या भांडणांची चटई अंथरण्यास बसूं, तेव्हां तिमोरचा हा धडा ध्यानीं धरावा: क्षमा अवश्य करावी, पण ज्याचें दुःख त्यास आधीं बोलूं द्यावें.